भिंतीपलीकडचे तानपुरे

“आता सांग, तानपुरे कुठे आहेत?”

शिरीषनं डावीकडचा स्पीकर भिंतीपासून आणखी वीतभर पुढे ओढला होता आणि शर्टाच्या बाहीला घाम पुसत तो माझ्याकडे बघत होता. मी मधोमध वेताच्या खुर्चीत. मान हलवायची नाही, पाय वर घ्यायचे नाहीत, अशी सक्त ताकीद होती.

“मागे,” मी म्हणाले.

“किती मागे?”

“बरेच मागे.”

“वृंदा, तू ऐकतच नाहीयेस.”

खरं होतं ते. माझं सगळं लक्ष केतकीकडे होतं. आमची लेक माझ्या पायांपासून हातभरावर, स्पीकरकडे पाठ करून, डब्यांच्या झाकणांचा मनोरा रचत बसली होती. शिरीषनं रेकॉर्ड पुन्हा सुरुवातीपासून लावली. आधी सुईची खरखर, मग तानपुरे, मग गाणाऱ्या बाईंचा षड्ज. केतकी झाकणावर झाकण ठेवत राहिली. मग तबला आला, डग्गा घुमला, आणि तिनं हातातलं झाकण टाकून वळून बघितलं. उठली, डुलत डुलत स्पीकरपाशी गेली आणि त्याच्या पायथ्याशी फळ्यांवर पालथी पडून हसायला लागली.

मला हायसं वाटलं. हे रोज व्हायचं. रोज डग्गा वाजेपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा, ती वळली की खाली यायचा, आणि तासाभरात पुन्हा वर जाऊन लटकायचा.

केतकी दोन वर्षांची व्हायला आली होती आणि तिच्या तोंडून अजून एक शब्द फुटला नव्हता. ‘आई’ नाही, ‘बाबा’ नाही, ‘मम्मं’सुद्धा नाही. हसायची मोठ्यांदा, रडायचीही मोठ्यांदा, पण बोल नाही. मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. मुलानं कितव्या महिन्यात काय करायला हवं, हे परीक्षेपुरतं पाठ केलेलं सगळं आता डोक्यातून जाईना. मनातली शंका एकच होती आणि ती मी कुणापुढे पुरती उच्चारली नव्हती: हिला ऐकू येतं की नाही?

आम्ही तेव्हा मिरजेत भाड्यानं राहायचो. खाली घरमालकांचं सायकलींचं दुकान, वर आमची माडी. पुढची मोठी खोली जुन्या सागवानी फळ्यांची, चाललं की पावलाखाली कुरकुरणारी. मागचं स्वयंपाकघर मालकांनी नंतर वाढवलेलं, स्लॅबचं, शहाबादी फरशी घातलेलं. शिरीषनं ही जागा त्या फळ्यांवर भाळूनच घेतली होती. सिमेंटच्या खोलीत गाणं म्हणजे पत्र्याच्या डब्यात कोंडलेली माशी, असं त्याचं मत. तो पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. अँप्लिफायर त्यानं स्वतः जोडलेला, स्पीकरची कमरेएवढी उंच खोकी सुताराच्या मानगुटीवर बसून करवून घेतलेली.

त्याला एकच गोष्ट हवी होती, आणि तिला तो ‘डेप्थ’ म्हणायचा. डावं-उजवं कुणीही दाखवतं, म्हणायचा. खरी गंमत म्हणजे समोरची भिंत नाहीशी व्हायला हवी. बाई चार पावलांवर बसलेल्या वाटाव्यात, तबलजी थोडा बाजूला, आणि तानपुरे धरलेल्या दोघी बाईंच्या मागे, मध्ये एखादा माणूस चालत जाईल एवढी जागा सोडून. हे सगळं मैफिलीतच उतरवलेल्या त्या रेकॉर्डमध्ये आहे, आपली खोली ते मारून टाकते, असं तो पोटतिडकीनं सांगायचा. मग आवाज परतून येऊ नये म्हणून बाजूच्या भिंतीला गोधड्या टांगल्या गेल्या. कपाटाच्या आरशावर काहीतरी जाड हवं होतं, तिथं माझा शालू गेला.

“लग्नात एकदा ही नेसली,” सासूबाई म्हणाल्या, “आता कपाट नेसतंय.”

त्या इचलकरंजीहून महिनाभरासाठी आल्या होत्या. आमचं लग्न कॉलेजात जमलेलं, त्यामुळे मी नवऱ्याला नावानं हाक मारते हे त्यांनी गिळलं होतं, पचवलं नव्हतं. केतकीवर मात्र त्यांचा जीव. पोर उशिरा बोलतंय याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. शिरीष तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता आणि मग एकदम भांडायलाच लागला, हे त्या येईल त्याला सांगायच्या.

मी मात्र दिवसभर मुलीवर पहारा ठेवून असायची. तिच्या पाठीमागं जाऊन टाळी वाजवायची. ताट पाडायची. किल्ल्यांचा जुडगा हलवायची. पुढच्या खोलीत ताट पाडलं की ती दचकून वळायची. मी नुसती चालत गेले तरी वळायची. स्वयंपाकघरात तेच ताट पाडलं तर ढिम्म. एकदा मी तिथं पाट्यावरचा वरवंटा जाणूनबुजून फरशीवर आदळला, शेजारच्या काकू खिडकीतून काय झालं म्हणून विचारायला लागल्या, आणि केतकी पाठमोरी बसून भिजवलेल्या हरभऱ्यात बोटं फिरवत होती.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी डोळे मिचकावले.

“स्वयंपाकघरात आईचं राज्य. तिथं कशाला ऐकेल ती? बापाचं गाणं लागू दे, बघ कशी पळते. कान बापाचा घेतलाय पोरीनं.”

आमच्या डॉक्टरांनीही केतकीला टेबलावर बसवून मागे चमचा वाजवला होता. ती वळली नाही, पण तेवढ्यात शिरीषनं गाण्याची हकीकत सांगितली, आणि डॉक्टर स्वतःच गाण्याचे शौकीन निघाले. पुढची दहा मिनिटं त्या दोघांची रेकॉर्डबद्दलच चर्चा झाली. निघताना ते म्हणाले, “मूड नसेल तिचा. थोडं थांबू या.”

मला थांबायचं नव्हतं. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा? अख्ख्या कर्नाटकातून माणसं तिथं उपचाराला येतात. कान तपासायची सोय आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. मी शिरीषला विचारलं, मग विनवलं, मग एकदा भांडले. तो चिडला नाही. त्यानं केतकीला कडेवर घेतलं, तिच्या गालाला गाल लावला आणि रेकॉर्ड प्लेअरकडे बोट दाखवलं.

“टेस्ट रोज होतेय की. तुझ्यासमोर होतेय. डोळ्यांवर विश्वास नाही का तुझा?”

रोज माझ्यासमोरच होत होती. मी त्याच्याहून बारकाईनं बघत होते. आणि देवाशप्पथ सांगते, मला त्याचं म्हणणं खरं ठरायला हवं होतं. म्हणून तर मी त्या खुर्चीत जाऊन बसायची. गाणं मला कळायचं नाही. ती वळताना बघायला मी बसायची.

मग तो रविवार आला. सासूबाई जेवणं आटोपून बालाजीच्या देवळात भजनाला गेल्या होत्या. खालचं दुकान बंद होतं. दुपारी जिन्यावर धपधप पावलं वाजली आणि दिगू शेट्ये आला. हा शिरीषचा वर्गमित्र, कुपवाडच्या एमआयडीसीत त्याचा लेथ मशीनचा छोटा कारखाना. आवाज मोठा, पोट मोठं, आमच्याकडे आला की आधी चहा आणि मग बूड टेकणार. खांद्यावर गोणपाटाची पिशवी होती.

“वहिनी, तुमच्या सवतीसाठी चपला आणल्यात,” तो स्पीकरकडे बघून म्हणाला.

पिशवीत काळ्या जाड रबराच्या चौकोनी ठोकळ्यांचा ढीग होता. मशीनच्या पायांखाली घालतात तसले. शिरीषनं गेल्या आठवड्यात कधीतरी त्याच्यापुढं रडगाणं गायलं होतं की सगळं केलं तरी डेप्थ येत नाही, खालचे सूर सगळीकडे माखल्यासारखे पसरतात. दिगूला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हादरा कळत होता. त्यानं सांगितलं होतं, की तुझी खोकी थेट फळ्यांवर उभी आहेत, ती घुमली की अख्खी जमीन घुमते, तुला खोकंही ऐकू येतं आणि जमीनही. रबर घाल, जमीन गप्प बसेल.

“पटत नाही? वहिनी, एक वाटी पाणी द्या.”

मी वाटी भरून आणली. दिगूनं ती खुर्चीजवळ फळ्यांवर ठेवली आणि शिरीषला रेकॉर्ड लावायला सांगितली. तानपुऱ्यांना पाणी स्थिर होतं. डग्गा घुमला तशी पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. प्रत्येक थापेला उठत होती. केतकी नेहमीसारखी वळली, धावत येऊन वाटीत हात घालणार तेवढ्यात मी तिला उचललं.

मग दोघांनी मिळून खोकी कलती केली, चारही कोपऱ्यांखाली रबर सरकवलं, शिरीषनं टेपनं अंतरं पुन्हा मोजली. खोकी हलवताना सांडलेलं पाणी दिगूनं वाटीत पुन्हा भरून घेतलं. मी केतकीला पुन्हा झाकणांपाशी बसवलं. ती पाठमोरी बसली आणि सगळ्यांत मोठं झाकण शोधू लागली.

“बस, वृंदा,” शिरीष म्हणाला. “मान सरळ.”

मी बसले. सुई टेकली.

मला गाण्यातलं काही कळत नाही, हे मी सांगितलंच. पण त्या दुपारी समोरची भिंत गेली. खरोखर गेली. जिथं गोधडीची कड दिसत होती तिथं काहीच नव्हतं, नुसती लांबवर गेलेली जागा होती, आणि त्या जागेत खूप मागे, थोड्याशा अंधारात असाव्यात तशा, दोघी तानपुरे छेडत होत्या. मग त्यांच्या पुढं बाईंनी श्वास घेतला. तो श्वास मला ऐकू आला. कुठंतरी उजवीकडे, माझ्याच जवळ, मैफिलीतलं कुणी खाकरलं आणि मी चक्क वळून बघितलं.

शिरीष माझ्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभा होता. त्याचे डोळे मिटलेले, ओठ थोडे विलगलेले. दिगूसुद्धा चहाचा कप हातात धरून स्तब्ध झाला होता.

“बसलीय रे ती तानपुरेवाली तिथं,” शिरीष पुटपुटला. “भिंतीच्या पार, रस्त्याच्या पलीकडे बसलीय.”

मग तबला आला. डग्गा इतका गोल आणि स्वच्छ मी कधी ऐकला नव्हता. वाटीतलं पाणी आरशासारखं राहिलं.

केतकीनं झाकणावर झाकण ठेवलं.

मी वाट बघितली. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. तबलजीला रंग चढला, मैफिलीत कुणीतरी दाद दिली. केतकीनं मनोऱ्याला आणखी एक झाकण जोडलं, ते घसरलं, तिनं पुन्हा उचललं. तिची मान, मानेवरचे ओले कुरळे केस, फ्रॉकचं तुटलेलं बटण. काही हललं नाही.

ताट, वरवंटा, फळ्या, फरशी, सगळं एका क्षणात एका ओळीत येऊन उभं राहिलं.

“ते रबर काढ,” मी म्हणाले.

शिरीषनं डोळे उघडले. मी चेष्टा करतेय असं त्याला वाटलं असावं, कारण तो हसला. मी पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, की वेड लागलंय का, आत्ता कुठं जमलंय, निदान ही बाजू संपू दे. दिगूनं वाटीकडे बघितलं, मग केतकीच्या पाठीकडे बघितलं, कप खिडकीत ठेवला आणि तोच आधी वाकला.

गाणं चालू असतानाच त्यांनी एक खोकं टेकवलं, मग दुसरं. भिंत जागेवर परत आली. तानपुरे जवळ येऊन माखले. पाण्यावर वर्तुळं उठली.

केतकीनं झाकण टाकलं आणि वळली.

ती आनंदानं धावत गेली, पालथी पडली, गाल फळीला लावला. कान नव्हे, गाल. इतके दिवस मी बघत होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

“योगायोग असेल,” शिरीष म्हणाला.

त्यानं केतकीला उचलून पुन्हा झाकणांपाशी आणून ठेवलं, तोंड दुसरीकडे करून. त्यानंच दिगूला खूण केली. खोकी वर, रबर आत. केतकी खेळत राहिली. खोकी वर, रबर बाहेर. केतकी वळली. तो एरवी एखादा स्पीकर बोटभर सरकवून जसा ऐकायचा, तसाच चेहरा करून तो हे करत होता, भुवया आवळून, दर वेळी नीट वाट बघून. पुन्हा केलं. मग एकाच बाजूचं रबर काढून केलं. त्याला कुठंतरी चूक सापडायला हवी होती. दर वेळी उत्तर तेच आलं.

शेवटी रबर आत असतानाच तो मध्येच थांबला. हात खोक्यावर तसाच होता.

“मग ती रोज काय ऐकत होती?”

त्यानं हे दिगूला विचारलं. दिगूनं खाली मान घातली. एवढा मोठा माणूस, त्याला पिशवी कुठं ठेवली ते सापडेना. “वहिनी, येतो,” म्हणाला आणि जिन्यावरून अगदी हळू उतरला, एकेक पायरी धरून. फळ्या तेवढ्यानंही कुरकुरल्या. केतकीनं दाराकडे बघितलं.

त्यानंतर पुष्कळ झालं. काचेची बंद खोली, केतकीच्या डोक्यावर न मावणारे हेडफोन, कागदावरचा उतरता आलेख, सांगलीची शाळा, बोलणं शिकवण्यासाठी घालवलेली वर्षं. त्या सगळ्याला आता खूप काळ लोटला. पण पुढं तपासणाऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढून, शब्द जुळवून जे सांगितलं, त्यातलं काहीच आम्हांला नवीन नव्हतं. ते आम्हांला त्या दुपारीच, आमच्याच घरात कळलं होतं.

रेकॉर्डची बाजू संपली. सुई आतल्या वर्तुळात टक टक करत फिरत राहिली. शिरीषनं ती उचलली नाही. तो केतकीच्या मागे गुडघ्यांवर बसला, तिला स्पर्श होणार नाही असा, पण अगदी जवळ, आणि त्यानं तिच्या कानाशी तिचं नाव घेतलं. आधी हळू. मग नेहमीच्या आवाजात. मग मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं तसा तो ओरडला. त्याचा श्वास मानेला लागला असेल, म्हणून तिनं तिथं हात फिरवला आणि झाकणाशी खेळत राहिली.

“शिरीष, पुरे,” मी म्हणाले.

“तुला माहीत होतं?”

“भीती होती.”

“मग मला ओढत का नाही नेलंस?”

दवाखान्यात जाण्यासाठी मी त्याच्याशी भांडले होते, हे तो विसरला नव्हता. त्याला कुणालातरी विचारायचं होतं, आणि खोलीत मीच होते. तो फळ्यांवर बसकण मारून बसला. हात गुडघ्यांवर उपडे पडले होते, रबराची काळी पूड बोटांना लागली होती. मी सुई उचलून ठेवली. मग मला काय करावं ते सुचेना, म्हणून मी वाटीतलं पाणी खिडकीतून बाहेर ओतलं.

केतकीला शांततेचं काही कळलं नाही. पण काहीतरी थांबलंय हे कळलं. तिनं वळून खोक्यांकडे बघितलं. बापाकडे बघितलं. मग उठून त्याच्यासमोर जाऊन बसली आणि तळहात फळीवर आपटला. त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. पुन्हा आपटला. मग त्याचं बोट धरून त्याला स्पीकरच्या दिशेनं ओढायला लागली. दुपारभर बाबा जमीन जागी करत होता, झोपवत होता, पुन्हा जागी करत होता. इतका चांगला खेळ तिच्याशी आजवर कुणी खेळलं नव्हतं. तिला तो परत हवा होता.

शिरीष उठला. त्यानं एकट्यानंच खोकं कलतं केलं, पायानं रबर बाजूला सारलं, मग दुसरं. रेकॉर्डवर सुई तबल्याच्या जागी नेमकी टेकवली. अंतरं मोजली नाहीत, खुर्चीत कुणाला बसवलं नाही. तोही तिच्याशेजारी पालथा झोपला आणि गाल फळीला लावला.

डग्गा घुमला. केतकी खळखळून हसली. ते हसू त्या खोलीत आम्हां दोघांनाच ऐकू आलं.